ढगे ग्रेडरचं मत

महादेवराव ढगे आमच्या दैनिकाच्या पुसदच्या कार्यालयात पान सोडायच्या वेळेला येत. पान साडेसहाला यवतमाळला जायचं आणि ढगे सहाला दारात उभे असायचे. ही वेळ चुकीची आहे, हे मी त्यांना अनेकदा सांगितलं.

"म्हनूनच येतो," ते म्हणाले. "याच टायमाले तुमी खुर्चीवर सापडता."

हातात फुलस्केप कागदावर पत्र, खाली कार्बन लावून काढलेली दुसरी प्रत. मूळ पत्र माझ्या टेबलावर ठेवायचं, प्रतीवर माझी सही घ्यायची आणि ती घडी करून खिशात घालायची. विषय कायम एकच असे: टीव्हीवर काय दाखवतात आणि ते कसं वाईट आहे. वाचकांच्या पत्रांना आमच्याकडे अर्धा रकाना मिळायचा. ढग्यांचं पत्र दोन रकान्यांचं असे. मी ते कापायचो. पुढच्या आठवड्यात ते छापलेलं कात्रण आणि कार्बनची प्रत शेजारी शेजारी ठेवून काय गेलं ते मला वाचून दाखवायचे. हे चार वर्षं चाललं.

ढगे निवृत्त ग्रेडर होते. उमरखेडपासून यवतमाळपर्यंतच्या कापूस खरेदी केंद्रांवर त्यांची नोकरी झाली. गाडी आली की तिच्यातला कापूस हातात घ्यायचा, दोन्ही हातांच्या अंगठ्यांत धरून हळूहळू ओढायचा, धागा किती लांब आहे ते पाहायचं, ओलावा आणि कचरा जोखायचा आणि प्रत सांगायची. त्या एका शब्दावर माणसाचा वर्षाचा भाव ठरायचा, त्यामुळे गाडीवाले त्यांच्याशी भांडत, हात जोडत, कधी ओळख काढत. ढगे कापूस नेहमी तीन ठिकाणचा घेत. वरचा, मधला आणि बुडाचा.

"वरचा कापूस दाखवायले असते," ते म्हणत. "बुडाचा विकायले."

टीव्हीही ते असाच पाहत. कोणतीही मालिका सुरू झाली की सोमवार, गुरुवार आणि शनिवार असे तीन भाग. तेवढ्यावर प्रत ठरायची. बाकीचे भाग पाहून मत बदलावं, असं कोणी सुचवलं तर त्यांना राग येई. सगळी गाडी उपसून पाहायची असेल तर ग्रेडर कशाला ठेवता, असं त्यांचं म्हणणं होतं.

त्यांची भाषाही केंद्रावरचीच राहिली. ज्या मालिकेत बायका पहिल्या मिनिटापासून रडतात ती "पाणी मारलेली". काही लोक वजन वाढावं म्हणून कापसावर पाणी शिंपडतात, तसं. गोष्ट संपल्यावरही जी चालू राहते ती "फरदड". हंगाम झाल्यावर पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं, उपटायची सोडून तिला पुन्हा पाणी देतात आणि उरलासुरला कापूस काढतात, त्याला आमच्याकडे फरदड म्हणतात. बोंडअळी तिथेच वाढते. "दोन वर्सांपूर्वी हिचं लग्न झालं तवाच उपटून टाकाले पाहिजे होती," एका नायिकेबद्दल ते म्हणाले. "आता पाहा, अळी झाली. नवऱ्याचा जुळा भाऊ आला."

घरी ते टीव्ही बसून पाहत नसत, हे मी पुढे त्यांच्याकडे जाऊ लागलो तेव्हा पाहिलं. त्यांच्या पत्नी शकुंतलाकाकू पलंगावर बसून पाहायच्या आणि ढगे स्वयंपाकघराच्या दारात उभे राहायचे, अर्धे आत, अर्धे बाहेर. विचारलं तर म्हणत, "मी पाहून नाही राह्यलो. पाणी प्याले चाललो." पाणी प्यायला जाण्याचा हा प्रवास पूर्ण भागभर चाले. मधून मधून त्यांचं बोलणं सुरू असे.

"आता दरवाजा उघडते. तिथं सासू उभी असते."

दरवाजा उघडे. सासू उभी असे.

"अवो, सरका तिकडं," काकू म्हणत. "देव समोर आला तरी त्याची प्रत विचारसान तुमी." मग माझ्याकडे वळून, "यायले टीव्ही आवडत नाही. टीव्हीले नावं ठेवाले आवडतात. पन त्यासाठी तो चालू लागते ना."

बातम्यांच्या चर्चा ते आवाज बंद करून पाहत. ज्याचे दोन्ही हात टेबलावर स्थिर आहेत त्याच्याकडे काही सांगायला असतं, हा त्यांचा नियम. आठ-आठ चौकोनांत त्यांना असा माणूस क्वचित सापडे, आणि सापडला की त्याला बोलू दिलं जात नसे. सकाळचा भविष्यवाला एका वाहिनीवरून दुसऱ्या वाहिनीवर गेला तेव्हा त्यांनी पत्रात एवढंच विचारलं होतं, की पहिल्या वाहिनीने काढून टाकलं हे त्याला आदल्या दिवशी दिसलं होतं का. ते पत्र मी न कापता लावलं.

एका मालिकेची नायिका विदर्भातल्या शेतकऱ्याची मुलगी होती. भर आषाढात, पेरणीच्या दिवसांत, तिच्या शेतात बोंडं फुटली. वेचलेला कापूस टाकायला तिच्या कमरेला ओटी नव्हती. कापूस ती फुलांच्या परडीत टाकत होती. ढग्यांनी वाहिनीच्या मदत क्रमांकावर फोन केला. पलीकडच्या मुलीने हिंदीत त्यांची अडचण विचारली. त्यांनी कापसाची लागवड, पात्या, फुलं, बोंडं आणि वेचणी हा क्रम सांगितला. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि त्यांच्या संचावर लहान मुलांच्या वाहिन्या एक महिना फुकट सुरू करून दिल्या.

"त्यातलं एक अस्वल बरं आहे," ढगे मला नंतर म्हणाले. "दिवसभर काम करते. रडत नाही."

हा माणूस मला आवडत होता असं मी म्हणणार नाही. पान सोडायच्या वेळेला समोर बसलेला, चष्मा पुसणारा आणि आपलंच म्हणणं सावकाश पुन्हा सांगणारा माणूस आवडणं अवघड असतं. पण त्यांनी लिहिलेल्या एकाही गोष्टीत तपशिलाची चूक निघाली नाही.

ढग्यांच्या घराला लागून बळीरामभाऊंचं घर. मधली भिंत एकच. बळीरामभाऊ बंजारा समाजातले, तांड्यावर त्यांची सोयाबीन-कापसाची शेती, आणि मुलांच्या शिक्षणासाठी पुसदला बांधलेलं चार खोल्यांचं घर. फरशी, गच्ची, नळ. त्यांची मुलगी कोमल संध्याकाळी गच्चीवर गायची. खाली अंगणात ढगे झाडांना पाणी घालत. ते तिला एकच शब्द म्हणत, "पुन्हा." ती पुन्हा गाई. ते काही न बोलता घरात गेले की जमलं असं ती समजायची. असं बारा वर्षं चाललं होतं, हे मला तिनेच नंतर सांगितलं.

कोमल बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असताना एका वाहिनीच्या गाण्याच्या स्पर्धेत निवडली गेली. पहिल्या फेरीपूर्वी प्रत्येक स्पर्धकाचं घर दाखवतात. कोमलचं घर दाखवलं तेव्हा पडद्यावर झोपडी आली. कुडाच्या भिंती, छपरातून पडणारा उजेड, चुलीवर भाकरी करणारी आई, दाराशी मान खाली घालून बसलेले बळीरामभाऊ. निवेदकाचा आवाज भरून आला. परीक्षकांपैकी एकीने डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी आमच्या दैनिकाच्या पहिल्या पानावर मथळा होता: "झोपडीतला सूर पोहोचला मुंबईत". तो मथळा माझा. बातमीही माझी, आणि ती मी टीव्ही पाहून लिहिली होती. तो तांडा कार्यालयापासून अर्ध्या तासाच्या रस्त्यावर आहे. बळीरामभाऊंचं पुसदचं घर मोटरसायकलने पाच मिनिटांवर. मी दोन्हीकडे गेलो नाही.

शनिवारी सहा वाजता ढगे आले. या वेळी पत्र एका पानाचं होतं.

"महोदय, गाण्याच्या कार्यक्रमात दाखवलेली झोपडी स्पर्धक मुलीची नाही. ती तांड्यावरील विधवा शेवंताबाई यांची आहे. चित्रीकरणाच्या दोन दिवसांत शेवंताबाईंना बाहेर कडुलिंबाखाली बसवण्यात आले. त्यांचे लोखंडी कपाट व टेबलफॅन गरिबी दिसण्यास अडथळा होत असल्याने बाहेर काढण्यात आले. मुलीच्या आईकडे पंधरा वर्षांपासून गॅस आहे. मुलीचा आवाज चांगला आहे. त्याला झोपडीची गरज नाही. वाचकांनी मत आवाजाला द्यावे. आपला, म. ढगे, निवृत्त ग्रेडर."

"हे तुम्हाला कसं कळलं?" मी विचारलं.

"तांड्यावर गेलतो. बाईले विचारलं."

"ही गोष्ट छापली तर मुलगी बाहेर जाईल."

"काहून? गाणं बदलते का तिचं?"

"तुम्ही तिच्या विरोधात आहात?"

ढग्यांनी खिशातून फोन काढला, चष्मा लावला आणि मला पडदा दाखवला. एका फोनवरून दिवसाला ठरावीक मतं देता येत. स्पर्धा सुरू झाल्यापासून त्यांनी एकही दिवस चुकवला नव्हता. काकूंच्या फोनवरूनही तेच देत होते.

"माल चांगला आहे म्हनून पाण्याचा राग येते," ते म्हणाले. "खराब मालावर कोनी पाणी मारलं तर मारो ना. मले काय करायचं? ह्या पोरीच्या गळ्यावर यायनं पाणी मारलं. उद्या ती जिंकली तरी लोक म्हनतील झोपडीनं जिंकली. तिले सुदिक तसंच वाटन."

दुसऱ्या बाजूचं म्हणणं घ्यायचं हा आमचा नियम. मी बळीरामभाऊंना फोन लावला. पत्र वाचून दाखवलं.

"ढगेसाहेब म्हनतात थे खरं हाये," ते म्हणाले. "मी त्यायले म्हनलं होतं, आमचं घर पुसदले हाये. थे म्हनले, ते घर कॅमेऱ्यात बरं नाही दिसत. कागदावर आधीच सही घेतलती. आता माही पोरगी तिकडं एकटी हाये. लोक तिले लबाड म्हनतील. छापाचं तर सोमवारी छापा, साहेब. रविवारी या फेरीची मतं बंद होतात."

मी हे ढग्यांना सांगितलं.

"गाडी काट्यावरून उतरल्यावर प्रत सांगून काय कामाची?"

यवतमाळला संपादकांना विचारलं. आमचं दैनिक रोज पहिल्या पानावर "जिल्ह्याच्या लेकीला मत द्या" अशी चौकट छापत होतं आणि त्या चौकटीला जाहिरातदार मिळाला होता. संपादक म्हणाले, थांबवा. मी ढग्यांना जागा नसल्याचं सांगितलं.

"खोटं आहे म्हनून जागा नाही, का खरं आहे म्हनून?"

मी यवतमाळला पान सोडलं. प्रतीवर सही मात्र त्यांनी घेतली.

रविवारी बळीरामभाऊंच्या घरासमोर गल्लीत भाड्याचा मोठा पडदा लावला होता. तीनेकशे लोक असावेत. गाण्याआधी झोपडी पुन्हा दाखवली. हे सगळे शेजारी होते. त्यांनी बळीरामभाऊंच्या पक्क्या घराची वास्तुशांत जेवली होती. त्याच घराच्या पायऱ्यांवर, ओट्यावर, गच्चीच्या कठड्यावर बसून ते पडद्यावरची झोपडी पाहत होते आणि बायका पदराने डोळे टिपत होत्या. बळीरामभाऊ प्लास्टिकच्या खुर्चीत बसून स्वतःच्या चपलांकडे पाहत होते.

ढगे उभे राहिले. काही बोलण्यासाठी त्यांनी हात वर केला.

"बसा ना साहेब," मागून एक बाई म्हणाली, "झोपडी दिसत नाही."

ते बसले. शकुंतलाकाकू हसत होत्या, पण आवाज न करता.

कोमल त्या आठवड्यात राहिली. तीन आठवड्यांनी ती बाहेर पडली, अंतिम फेरीच्या एक पाऊल अलीकडे. पुसदला तिचा सत्कार ठरला, शाळेच्या सभागृहात. मंचावर पाहुणे, हार, मोठा फलक. फलकावर झोपडीचं चित्र होतं. एका बांधकाम व्यावसायिकाने माईक घेतला आणि जाहीर केलं की या गुणी मुलीच्या आईवडिलांना आपण झोपडीच्या जागी पक्कं घर बांधून देणार आहोत. टाळ्या थांबेनात. बळीरामभाऊंना मंचावर नेऊन त्यांच्या हातात घराचा नकाशा दिला. ते नकाशा धरून उभे राहिले. तो परत देता येत नव्हता आणि घेताही येत नव्हता.

तिसऱ्या रांगेतून ढगे उठले.

"कोनाच्या झोपडीच्या जागी?"

सूत्रसंचालक म्हणाला, प्रश्न कार्यक्रमानंतर घेऊ. मागच्या कोणी तरी ढग्यांचा शर्ट ओढला. काकूंनी त्या माणसाचा हात बाजूला केला. ढगे उभेच राहिले. त्यांनी प्रश्न दुसऱ्यांदा विचारला नाही, आवाजही वाढवला नाही. नुसते उभे राहिले. सभागृहात कुजबुज झाली, मग तीही थांबली.

कोमलने सूत्रसंचालकाच्या हातातून माईक घेतला. तिने वडिलांकडे पाहिलं.

"शेवंतायाडीची," ती म्हणाली. तांड्यावर त्या बाईला सगळे याडी, म्हणजे आई, म्हणतात. "ती झोपडी शेवंतायाडीची आहे. आमचं घर इथं आहे, पुसदला. ढगेकाकांच्या भिंतीला लागून. मी तिथं खोटं दाखवू दिलं. ज्यांनी झोपडी पाहून मत दिलं त्यांची माफी मागते. घर द्यायचं असेल तर तिला द्या."

बळीरामभाऊंनी नकाशा टेबलावर ठेवला. व्यावसायिकाला हसण्यावाचून गत्यंतर नव्हतं. छायाचित्रकार समोर उभे होते. तो म्हणाला, अर्थातच, तिलाच.

दुसऱ्या दिवशी आम्ही ढग्यांचं पत्र छापलं, एकही शब्द न कापता, त्यांनी टाकलेल्या जुन्या तारखेसह. खाली चौकटीत खुलासा होता: या विषयावरील आमची बातमी घटनास्थळी न जाता लिहिलेली होती. हा खुलासा लिहायला मला मथळ्यापेक्षा जास्त वेळ लागला.

यातून सगळ्यांचं भलं झालं, असं नाही. फोनवर लोकांनी कोमलला जे लिहिलं ते इथे देण्यासारखं नाही. तिने काही महिने गाणं बंद केलं. बळीरामभाऊ ढग्यांशी दिवाळीपर्यंत बोलले नाहीत. दोन्ही घरांच्या बायका भिंतीवरून वाटीभर साखर देत-घेत राहिल्या, पुरुष गप्प. वाहिनीने काहीच म्हटलं नाही. ढग्यांनी तिला पाठवलेल्या नोंदणीकृत पत्राची पोच आली, उत्तर आलं नाही. शेवंताबाईंच्या घराचा पाया भरला गेला आणि काम थांबलं. मग ढगे दर शनिवारी त्या व्यावसायिकाच्या कार्यालयात जाऊन बसू लागले. ऑफिस बंद व्हायच्या वेळेला. त्या माणसाने एकदा मला फोन करून विचारलं, यांना तुम्ही काही सांगू शकता का? मी म्हटलं, चार वर्षं सांगून पाहिलं.

माझी यवतमाळला बदली झाली तेव्हा जाण्यापूर्वी मी तांड्यावर गेलो, ज्या बातमीसाठी आधी जायला हवं होतं तिच्यासाठी. नव्या घराच्या भिंती डोक्याच्या वर गेल्या होत्या. पत्रे येऊन पडले होते. जुनी झोपडी शेजारीच उभी होती. विटांच्या ढिगावर ढगे बसले होते आणि त्यांच्या बाजूला शेवंताबाई, सत्तरीच्या पुढची, किडकिडीत बाई. तिने तो कार्यक्रम पाहिलेलाच नव्हता. तिच्याकडे टीव्ही नाही. ढग्यांनी तो तुकडा फोनवर उतरवून आणला होता आणि ऊन लागू नये म्हणून पडद्यावर टोपीची सावली धरली होती.

शेवंताबाई लक्ष देऊन पाहत होती.

"भाकर जाड थापली तिनं," ती म्हणाली. मग, "धुराकडं तोंड करून बसली. वारा खालच्या बाजूनं येते, मले विचारलं असतं तर सांगतलं असतं." तिने फोन थोडा जवळ ओढला. मग, "आन मी कुठी हाव?"

"तुमी नाही यात," ढगे म्हणाले. "तुमी लिंबाखाली होत्या."

"मंग हे घर कोनाचं म्हनतात थे लोक?"

ढग्यांनी टोपीची सावली पुन्हा नीट धरली.

"थांबा," शेवंताबाईने फोनवर बोट ठेवलं. "मांगं घ्या. दाराशी काही हाललं."

त्यांनी मागे नेलं. दोघं वाकले.

"कोंबडी हाये. पायाले लाल चिंधी हाये, पाहा. माही हाये थे."

"कुठी?"

"अठी. भिंतीजवळ."

ढग्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि फोन डोळ्यांजवळ नेला. तुकडा संपला. त्यांनी तो पुन्हा लावला.

"हो," ते म्हणाले. "तुमचीच आहे."